हसविणाऱ्यांचा परदेश दौरा : बयाना कोणाचा, जोखीम कोणाची?

बल्लारपुरात दोन मालांचे भाव चहाच्या टपरीवरही बोलले जातात. एक कागद आणि दुसरा सागवान. तिसऱ्या एका मालाचा भाव मात्र कोणी विचारीत नाही, कारण तो पोत्यात भरता येत नाही की काट्यावर तोलता येत नाही. धान कापून झाले की हा माल बाजारात येतो, रात्री दहाच्या पुढे विकला जातो आणि पहाटे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पण हसत घरी जाते. हा माल म्हणजे झाडीपट्टीचे नाटक. बल्लारशाह स्थानकावरून गोंदियाकडे जाणारी गाडी चांदा फोर्ट, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करीत वडशाला पोहोचते. तेथे या मालाची पेठ आहे.

व्यापाराच्या पानावर नाटकाचा विषय कशासाठी, असे काही वाचक विचारतील. रंगमंचावर कोण उभा राहतो हा आमचा विषय नाही. रंगमंच कोण उभा करतो, हा आहे. बिछायत केंद्रवाले, साउंडवाले, जनरेटरवाले, ट्रकमालक, पोशाख शिवणारे शिंपी, पत्रके छापणारे छापखाने यांच्याशिवाय एकही पडदा वर जात नाही आणि या कामांत आपले बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अलीकडे या मंडळींत एक नवी चर्चा ऐकू येते. मुंबई-पुण्याच्या विनोदी कलाकारांचे ताफे दुबईला जातात, लंडनला जातात, अमेरिकेला जातात. मग आपल्या भागातील हसविणारे का जाऊ नयेत? आणि ते गेले तर त्यांच्याबरोबर साउंडवाला, दिवेवाला, शिंपी जाईल काय? प्रश्न गंमतीचा वाटतो, पण त्यात कित्येक घरांच्या रोजीचा हिशोब आहे. तो नीट मांडून पाहू.

आधी घरचा धंदा पाहू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांतील धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीच्या सुमारास धान हाती येऊ लागते. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते, पुढे शंकरपट सुरू होतात आणि होळीपर्यंत रोज कुठे ना कुठे नाटक असते. नाटकाच्या निमित्ताने पाहुणे बोलाविले जातात, सोयरिकी जुळतात, गावातल्या दुकानदाराची महिन्याची विक्री दोन दिवसांत होते. वडशात, म्हणजे देसाईगंजला, नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. गावचे मंडळ तेथे जाते, नाटक पसंत करते, तारीख पक्की करते आणि बयाना देते. ठरलेल्या रात्री कंपनी नट, वादक, पडदे घेऊन गावात उतरते. तिकीट मात्र मंडळ विकते. गर्दी झाली तर नफा मंडळाचा, थंडी-पाऊस पडला तर तोटाही मंडळाचाच. कंपनी आपली ठरलेली रक्कम घेते आणि पुढच्या गावाला निघते.

धंदा म्हणून ही रचना मोठी शहाणपणाची आहे. एका कंपनीने हंगामात रोज नव्या गावी स्वतःच्या जोखमीवर तंबू ठोकायचे ठरविले तर दोन पावसाळी रात्रीत ती बुडेल. झाडीपट्टीत तीच जोखीम शेकडो गावांत वाटली जाते. प्रत्येक गाव वर्षातून एखाद्या रात्रीपुरतीच ती उचलते.

आणि या नाटकात लोकांना खेचतो तो विनोद. कथा रडविणारी असली तरी मधला हसविणारा नट पाहायला लोक येतात. गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच कामासाठी. सुमारे आठशे नाटके आणि पाच हजारांहून अधिक प्रयोग, असा त्यांचा हिशोब सांगितला जातो. लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. पाच हजार प्रयोग म्हणजे वर्षाला शंभर रात्री धरल्या तरी पन्नास हंगाम झाले. एवढी विक्री झालेला दुसरा कोणता माल आपल्या जिल्ह्यांत एका माणसाच्या नावावर आहे?

आता या रचनेत एक भोक आहे, ते पाहू. बयाना कंपनीला मिळतो. उरलेली रक्कमही कंपनी पडदा वर जाण्याआधी घेते, कारण सकाळी गावात कोण कोणाला शोधणार? पण मंडप, खुर्च्या, कनाती, जनरेटर ज्याचे, त्याला बहुधा सांगितले जाते, “उद्या तिकिटाचा हिशोब झाला की घेऊन जा.” तिकीट विकले गेले तर तो पैसे घेऊन येतो. नाही विकले गेले तर पुढच्या धानापर्यंत फेऱ्या मारतो. बैलांच्या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली तेव्हा शंकरपट बंद पडले आणि त्या गर्दीवर चालणाऱ्या नाटकांनाही झळ लागली. २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना तात्पुरती परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने राज्याचा कायदा मान्य केला, तेव्हा कुठे ती गर्दी निर्धास्त झाली. मधे २०२० मध्ये कोरोनाने हंगामच्या हंगाम नेला. या सर्व वर्षांत कंपन्यांचे नुकसान झाले हे खरे. परंतु ज्यांचे पैसे कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते त्यांचे नुकसान कोणी मोजलेही नाही.

शरीअतच्या भाषेत सांगायचे तर मंडपवाल्याचा व्यवहार हा इजारा आहे, भाड्याचा आणि मजुरीचा करार. त्याची रक्कम आधी ठरली पाहिजे आणि काम झाले की ती देणे लागते. तिकीट विकले गेले की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे उलटे झाले आहे. नफ्याच्या वेळी मंडपवाला मजूर असतो, तोट्याच्या वेळी त्याला भागीदार केले जाते. असो. ही सवय घेऊन कोणी परदेशी जाणार असेल तर त्याने आधी जुन्या दौऱ्यांची कहाणी ऐकावी.

मंडालेचा राजा आणि लंडनचे तिकीट

परदेश म्हणजे समुद्र ओलांडणेच असे नाही. बल्लारपूरच्या किल्ल्याखालून वाहणारी वर्धा नदी ओलांडली की राजुरा. १९४८ पर्यंत तो मुलूख निजामाच्या राज्यात होता. पलीकडे हाली सिक्का, अलीकडे कलदार. मालावर करोडगिरीचे नाके वेगळे. आपले आजे-पणजे नाणे बदलून व्यापार करीत होते आणि बट्टा कोणाच्या माथी हे सौद्याच्या वेळीच ठरवीत होते. परदेश दौऱ्याचे निम्मे शहाणपण यातच आहे.

मुंबईच्या पारशी नाटक कंपन्यांनी हे धडे महागात घेतले. खुर्शेदजी बालीवाला हे आपल्या काळातले नावाजलेले नट, विशेषतः हसविण्याच्या भूमिकांत. त्यांची व्हिक्टोरिया नाटक मंडळी १८८१ साली ब्रह्मदेशात मंडाले येथे थिबा राजाच्या दरबारी गेली. हाच तो थिबा, ज्याला पुढे इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवले. तेथे खेळ राजासाठी होता, कंपनी कमावून परतली. १८८५ च्या अखेरीस हीच मंडळी लंडनला गेली आणि गेइटी थिएटरात खेळ लावले. पोशाख झगमगीत होते, नट कसलेले होते, पण भाषा प्रेक्षकांना कळेना आणि तिकिटे खपेनात. कंपनी मोठा तोटा घेऊन परतली. मंडालेत बोलावणारा पैसे देणार होता. लंडनात येणाऱ्या-न येणाऱ्या प्रेक्षकावर सारा भरवसा होता. चार वर्षांत नट तेच, मालक तोच. फरक पडला तो जोखमीच्या जागेत.

मराठीतील सर्वांत गाजलेल्या परदेश दौऱ्यामागे एक मुसलमान डॉक्टर होता, हे आपल्या तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. डॉ. जब्बार पटेल, जन्म पंढरपूरचा, व्यवसाय बालरोगतज्ज्ञाचा, दवाखाना दौंडला. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ त्यांनी बसविले आणि १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. मूळ संस्थेने ते बंद केल्यावर कलाकारांनी १९७३ साली थिएटर अकॅडमी ही आपली संस्था काढली व नाटक पुन्हा उभे केले. १९८० साली या नाटकाला बर्लिनच्या महोत्सवाचे निमंत्रण आले आणि युरोपचा दौरा ठरला. दौऱ्याला जोरदार विरोध झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. हे नाटक म्हणजे इतिहास नव्हे, अशा अर्थाचे निवेदन प्रयोगाआधी वाचायचे ठरले आणि मंडळी रवाना झाली. नाटकात बोचरा विनोद, कीर्तन, तमाशा, खेळे यांचा बाज होता. भाषा मराठीच होती. तरी युरोपात ते चालले, कारण बोलावणे महोत्सवांचे होते आणि पाहणाऱ्याला शब्दांआधी गाणे आणि हालचाल कळत होती.

व्यापाऱ्याच्या नजरेला या नाटकातील एक गोष्ट लगेच दिसते. त्याला पडदाच नव्हता. एका रांगेत उभी असलेली माणसेच पडदा, तीच भिंत, तीच वाडा. म्हणजे सामानाचे वजन जवळपास शून्य. मात्र माणसे पुष्कळ, आणि प्रत्येक माणसाला विमानाचे तिकीट, जेवण, अंथरूण.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. मराठवाड्यातील एका खेड्याचे वऱ्हाड विमानाने लंडनला निघते, त्याची ही धमाल. बावन्न पात्रे आणि ती सारी एकटा माणूस करतो. १९७९ साली औरंगाबादेत सुरू झालेला हा खेळ हजारो वेळा झाला, गिनीज बुकात गेला आणि देशोदेशीच्या मराठी मंडळांनी बोलावून पाहिला. का बोलाविला? विनोद उत्तम होता हे तर आहेच. पण मंडळाच्या खजिनदाराला विचाराल तर तो सांगेल की तिकीट एकच काढायचे होते!

अलीकडे दूरचित्रवाणीने तिसरा मार्ग काढला. झी मराठीवरील ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमाने २०१८ साली ‘विश्वदौरा’ काढला. निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, आपल्या विदर्भातले भारत गणेशपुरे अशी मंडळी परदेशात जाऊन खेळ करून आली. तेथे मागे वाहिनी उभी होती आणि जाहिरातदार होते. ती सोय वडशाच्या कंपनीला नाही. म्हणून तिने तो मार्ग पाहून हुरळून जाऊ नये.

अठ्ठावीस माणसे की आठ?

समजा, झाडीपट्टीची एक पूर्ण कंपनी न्यायची आहे. नट, नट्या, वादक, प्रॉम्प्टर, पडदेवाले धरून अठ्ठावीस माणसे. अमेरिकेचे जाण्या-येण्याचे तिकीट माणशी एक लाख रुपये धरू. अठ्ठावीस लाख रुपये विमानातच गेले. व्हिसा, विमा, पडद्यांचे वजन, तेथील सभागृहाचे भाडे अजून धरलेलेच नाही. आणि तेथील महाराष्ट्र मंडळाचे सभागृह बहुधा एखाद्या शाळेचे. रात्री दहाला सुरू करून पहाटे पाचला संपणारे नाटक तेथे कोण चालू देईल? हा हिशोब जमत नाही. म्हणून झाडीपट्टीचे अख्खे नाटक समुद्रापार जात नाही. कलाकारात काही कमी आहे म्हणून नव्हे.

पण याच मातीत दुसरा एक माल पडून आहे, ज्याच्याकडे आपलेच लक्ष नाही. खडी गंमत. शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणे, टाळ, स्त्रीवेषातील नाच्या आणि हसविणारा गंमत्या. सात-आठ माणसे, रंगमंच नको, पडदा नको, उभ्या-उभ्या खेळ. सवाल-जवाब, चिमटे, गावच्या पाटलापासून आमदारापर्यंत सर्वांची टिंगल. दीड तासातही बसविता येते, रात्रभरही ताणता येते. वरच्याच हिशोबाने आठ माणसांचे आठ लाख. दोन-तीन शहरांच्या मंडळांनी मिळून बोलाविले तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार लाख येतात. येथे सौदा बोलण्यासारखा होतो.

हंगामही जुळतो. झाडीपट्टीचा कलावंत होळीनंतर रिकामा होतो, पुढे शेतीच्या किंवा मजुरीच्या कामाला लागतो. उत्तर अमेरिकेत मराठी मंडळांचे मोठे मेळावे उन्हाळ्यात होतात. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे पहिले अधिवेशन १९८४ मध्ये शिकागोत भरले आणि ती अधिवेशने बहुधा जुलैच्या आसपास असतात. म्हणजे इकडे धंदा बंद, तेव्हा तिकडे मागणी. आखाती देशांचे मात्र उलटे आहे. तेथे उघड्यावरचे कार्यक्रम थंडीत होतात आणि थंडीत आपला माणूस सिंदेवाहीत रोजची सुपारी घेऊन बसलेला असतो. हातची सुपारी सोडून दुबईला धावण्यात किती फायदा, हे ज्याने त्याने पाहावे. आमच्या मते तरी नाही.

भाषेची अडचण काढली जाईल. झाडीबोली शिकागोच्या मराठी माणसाला कळेल काय? पहिल्या पाच मिनिटांत कान अडखळतील, हे मान्य. परंतु वऱ्हाडी आणि मराठवाडी बोलीवर परदेशातले मराठी लोक पोट धरून हसले आहेत, मग झाडीबोलीनेच काय पाप केले? द्व्यर्थी संवाद आणि भडक नाच मात्र येथेच ठेवून जावे लागतील. झाडीपट्टीत अलीकडे यांचे प्रमाण वाढल्याची तक्रार जुने प्रेक्षकच करतात. परदेशी मंडळाच्या कार्यक्रमाला लोक लेकरा-बाळांसह, म्हाताऱ्या आई-वडिलांसह येतात. तेथे असा माल एकदा खपला तर दुसऱ्यांदा बोलावणे येत नाही.

येथे एक वाक्य आपल्या दीनी वाचकांसाठी. नाच-गाण्याच्या व्यवसायाबद्दल उलमांची मते सर्वांना माहीत आहेत, ज्याला शंका असेल त्याने त्यांनाच विचारावे. पण हसविणे म्हणजेच गैर, असा समज कोणी करू नये. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे एकाने स्वारीसाठी जनावर मागितले, तेव्हा त्यांनी उंटिणीचे पिल्लू देतो म्हटले. तो बिचारा गोंधळला, पिल्लावर बसायचे कसे? प्रत्येक उंट हा कोणत्या ना कोणत्या उंटिणीचे पिल्लूच असतो, हे लक्षात आल्यावर त्याला उलगडा झाला. विनोद होता, पण त्यात खोटे नव्हते आणि कोणाचा अपमानही नव्हता. मराठी शाहिरीत तर सगनभाऊ हे नाव पेशवाईच्या काळापासून आहे. जेजुरीचा मुसलमान, धंद्याने शिकलगार. हत्यारांना धार लावणारा हात लावणीलाही धार लावीत होता.

कागद नसेल तर माणूस विमानतळावर अडतो

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेत एखाद्या समाजाची खास कला दाखविण्यासाठी जाणाऱ्या कलावंतांसाठी पी-३ नावाचा व्हिसा आहे. त्याचा अर्ज आधी तेथील बोलावणाऱ्याला किंवा त्याच्या एजंटाला भरावा लागतो. येथून कोणी एकटा उठून भरू शकत नाही. कलावंतांबरोबर साउंडवाला, दिवेवाला, पोशाखवाला असे आवश्यक मदतनीसही जाऊ शकतात, त्यांच्यासाठी निराळा अर्ज असतो. परंतु त्यात अट अशी की हा मदतनीस त्या कामात तरबेज आहे, त्याच्यावाचून खेळ होत नाही आणि त्याने याच कलावंतांबरोबर पूर्वी काम केले आहे, हे दाखवावे लागते.

दाखविणार कशाने? वीस वर्षे एका कंपनीचा आवाज सांभाळणाऱ्या आपल्या भावाकडे ना करार, ना बिल, ना पावती. सारा व्यवहार तोंडी. मालकाने खांद्यावर हात ठेवून म्हटलेले “तू तर घरचाच माणूस” हे वाक्य व्हिसा अधिकाऱ्यापुढे ठेवता येत नाही. कालपरवा आलेला, पण पावतीबुक बाळगणारा मुलगा त्याच्या जागी जाईल. उधारीत बुडालेल्या पैशांपेक्षा हे नुकसान मोठे आहे, आणि ते टाळणे पूर्णपणे आपल्या हाती आहे.

आखाताकडे जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. पाहुण्याच्या, म्हणजे व्हिजिट व्हिसावर जाऊन पैसे घेऊन काम करणे हा तेथे गुन्हा आहे, मग ते काम कार्यक्रमात वायर जोडण्याचे का असेना. कार्यक्रमाची परवानगी तेथील परवानाधारक आयोजकाने काढलेली असावी आणि तिची प्रत आपण निघण्यापूर्वी पाहावी. ज्यांचे शिक्षण दहावीपेक्षा कमी आहे त्यांच्या पासपोर्टवर बहुधा इमिग्रेशन तपासणीची, म्हणजे ईसीआरची नोंद असते. अशांना नोकरीसाठी आखाती देशांत जाताना सरकारी मंजुरी लागते. नोंदणीकृत एजंटालाही तीस हजार रुपये आणि त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. “शोसाठी नेतो, दीड लाख दे” म्हणणाऱ्याला दारातूनच सलाम करावा.

सामानाचेही तसेच. ढोलकी, मिक्सर, माइक, पोशाख बाहेर नेऊन परत आणायचे तर जकातीचा प्रश्न येतो. एटीए कार्नेट नावाचे एक कागदपत्र असते, मालाचा जणू पासपोर्टच. जेथे ते चालते तेथे ठरलेल्या मुदतीत माल परत आणण्याच्या हमीवर जकात भरावी लागत नाही. आपल्या देशात ते फिक्की ही व्यापारी संघटना देते. त्यात प्रत्येक नग, त्याचा क्रमांक, वजन व किंमत लिहावी लागते. म्हणजे आपल्या मिक्सरचे खरेदी बिल जपून ठेवलेले हवे. येथेही पुन्हा कागदच.

पैशाचे कलम तर डोळे उघडे ठेवून वाचावे. अमेरिकेत परदेशी कलावंताच्या मानधनातून साधारणपणे तीस टक्के कर आधीच कापला जातो. ठरलेली रक्कम कर कापण्यापूर्वीची की हातात पडणारी, हे करारात नसेल तर लाखाचे सत्तर हजार होतात आणि भांडण मात्र आपसात लागते. आगाऊ रक्कम किती, डॉलरात की रुपयांत, बट्टा कोणाचा, कोणी आजारी पडला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, कार्यक्रम रद्द झाला तर परतीचे तिकीट कोणाचे, हे सारे आधीच लिहून घ्यावे. राजुऱ्याशी व्यापार करणाऱ्या आपल्या आज्यांना हे प्रश्न कोणी शिकविले नव्हते.

सरकारी मार्गही आहे. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद ही संस्था १९५० साली मौलाना अबुल कलाम आझाद यांनी स्थापन केली. ती आपल्या यादीतील कलावंतांना परदेशी पाठविते. यादीत येण्यासाठी अर्ज, कामाचे चित्रीकरण, वृत्तपत्रांतील कात्रणे असा पुरावा लागतो. लोककलांसाठी नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून आहे. देशातल्या देशात चार महोत्सव तेथून मिळाले तर पुढच्या अर्जाला वजन येते. खडी गंमतीच्या मंडळींनी हा दरवाजा आधी ठोठवावा, एजंटाचा नंतर.

आणि भांडवल? एखाद्या व्यापाऱ्याने दौऱ्यात पैसा घालायचा म्हटले तर व्याजाचा विचारही करण्याची गरज नाही. मुदारबतचा मार्ग मोकळा आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरलेल्या हिश्श्याने वाटायचा आणि कसूर नसताना तोटा झाला तर भांडवलवाल्याचा पैसा जातो, मेहनतवाल्याची मेहनत जाते. नबुव्वतपूर्वी मुहम्मद (स.) हे हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामला गेले होते तो व्यापार याच जातीचा. दौऱ्यावर जाणाऱ्या आठ जणांत नट भागीदार होतील, साउंडवाला पगारी असेल किंवा उलटेही चालेल. मात्र कोण भागीदार आणि कोण मजूर, हे निघण्यापूर्वी ठरले पाहिजे. वडशाच्या रस्त्यावर जो घोळ वर्षानुवर्षे चालला तोच शिकागोच्या सभागृहात घेऊन जाऊ नये. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका असेही तेथे बजाविले आहे. कुरआनातील ही सर्वांत लांब आयत आहे आणि ती बाजाराच्या व्यवहारावर आहे.

भाऊबीजेला हंगाम उघडतो. ज्यांचे मंडप, जनरेटर, साउंड यंदा झाडीपट्टीत फिरणार आहेत त्यांनी प्रत्येक रात्रीची पावती तीन प्रतींत फाडावी. एक मंडळाला, एक नाटक कंपनीला, एक आपल्या फाइलला. तिच्यावर कंपनीचे नाव, नाटकाचे नाव, गाव, तारीख आणि काम काय केले हे लिहावे, कंपनीच्या माणसाची सही घ्यावी. दोन हंगामांत अशा दीडशे-दोनशे पावत्या जमतील. मंडळाकडून वसुलीला त्या उपयोगी पडतील आणि कधी बोलावणे आलेच तर व्हिसाच्या अर्जालाही त्याच लागतील. पावतीबुक छापून द्यायला गावात छापखाने आहेत, आणि कागदाची तर बल्लारपुरात कधी टंचाई नव्हती.